चार घरं डावीकडे

मुलगी बारावीला फिजिक्समध्ये तीन मार्कांनी राहिली, त्या दिवशी जेवणं व्हायच्या आत मी यादी करून टाकली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म, मी, सोमवारी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवणं, मी, याच आठवड्यात. ब्रह्मपुरीच्या सरांना फोन, मी, आजच. मुलीच्या नावापुढे एकच ओळ होती: रोज पाच गणितं. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "आई, याच्यात मले रडाले टाइम कुठी आहे?"

"रविवारी," मी म्हटलं.

ती हसली नाही. मी गंमत केली नव्हती, त्यामुळे तेही ठीकच.

तिला चंद्रपूरला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. तिचे बाबा लाइनमन आहेत. ती नववीत असताना ते खांबावरून पडले आणि मनगट मोडलं, तेव्हा दवाखान्यात एका बाईने फिल्म उजेडासमोर धरून हिला हाड दाखवलं. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. त्यासाठी बारावी सायन्स पास पाहिजे होतं. पुरवणीत फिजिक्स निघालं तर याच वर्षी प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं. आणि निकालाच्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "या खेपेले नाई निघालं त मी परत बसणार नाई. मावशीच्या शिलाईच्या दुकानात जाईन." ती धमक्या देत नाही. बोलते आणि करते. हा गुण तिने माझ्याकडून घेतला, हीच अडचण.

झेरॉक्स आली. तिचं बारावीचं कॉलेज ब्रह्मपुरीला, माझ्या बहिणीकडे राहून झालेलं. तिथल्या फिजिक्सच्या सरांना मी पानांचे फोटो पाठवले. सरांनी उलट फोन केला. "ताई, बाकी चालते. दोन पॉइंट चार्जमधलं बल काढाचं गणित आहे न, तिथी तिचे मार्क गेले. पद्धत बरोबर, आकडा बरोबर, उत्तर चूक. पॉइंटचा घोळ आहे. तेवढं पक्कं करा, निघून जाईल."

पॉइंटचा घोळ! हे ऐकून मला हायसं वाटलं, कारण दशांश चिन्ह ही माझ्या घरची गोष्ट होती. मी आलापल्लीच्या सरकारी लाकूड डेपोत एकोणीस वर्षं मोजमापाच्या नोंदी ठेवते. सागाचा ओंडका आला की टेपने गोलाई सेंटीमीटरमध्ये घ्यायची, लांबी मीटरमध्ये. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समजा गोलाई एकशेवीस. चौथा हिस्सा तीस, वर्ग नऊशे, लांबी तीन मीटर, झाले सत्तावीसशे. हा आकडा अजून काहीच नाही. पॉइंट चार घरं डावीकडे सरकवला की होतात ०.२७ घनमीटर. सेंटीमीटरचा वर्ग झाला की चार घरं, हे आमच्याकडे श्वासासारखं चालतं. शेवटची पायरी कुणी लिहीत नाही, नुसता पॉइंट सरकवतो. मुलगी सातवीत होती तेव्हापासून सुट्टीत डेपोत येऊन बसायची, आणि मी गोलाई-लांबी म्हटली की माझ्या आधी घनमीटर सांगायची. टेप धरणारे भाऊ म्हणायचे, "बाई, तुमच्या जागी हिलेच बसवा, चहाची सुट्टी तरी लवकर होईन."

आणि ही मुलगी पॉइंटवर नापास.

मी आधी पुस्तक वाचलं. मी बी.ए., इतिहास. पण नियम साधा आहे. दोन भार घ्या, त्यांचा गुणाकार करा, नऊवर नऊ शून्यं असलेल्या एका ठरलेल्या आकड्याने गुणा, आणि मधल्या अंतराच्या वर्गाने भागा. निघालं बल, न्यूटनमध्ये. एवढंच. मग वैताग कशाचा, तर नियमाला भार लागतो कूलोममध्ये आणि अंतर मीटरमध्ये, आणि गणित देणारा माणूस देतो मायक्रोकूलोम, नॅनोकूलोम आणि सेंटीमीटर. मुद्दाम. डेपोत कुणी मला ओंडका फुटात मोजून आणला तर मी तो कागद परत पाठवते. इथे परत पाठवायची सोय नाही. बरं, मोजायची वस्तू दिसत तरी असती. एक ओंडका सत्तावीसशे घनमीटर लिहिला तर आमच्या फाटकावरचा चौकीदारसुद्धा हसेल, तेवढा माल कुठल्या ट्रकात मावणार. पण कूलोम कुणी पाहिला आहे? मी घरच्या लाइनमनला विचारलं.

"मले व्होल्ट विचार, अँपिअर विचार," ते मोजे काढत म्हणाले. "कूलोम मी आजपर्यंत कोण्या खांबावर नाई पाह्यला."

"तुम्ही विजेचं काम करता न?"

"म्हणून त सांगून राह्यलो. असता त सापडला असता."

त्यांचा उपयोग तिथेच संपला.

मी भिंतीवर सात नियमांची यादी लावली. आकृती काढ. दिलेले आकडे एकाखाली एक लिही. मायक्रो म्हणजे सहा घरं, नॅनो म्हणजे नऊ. भारांचं अधिक-उणे बलाच्या आकड्यात घालू नको, त्यावरून फक्त ओढतात की ढकलतात ते ठरव. तीन भार असतील तर एका वेळी दोनच घे. सहावा नियम मी लाल पेनाने लिहिला होता: सेंटीमीटरचा वर्ग, चार घरं विसरू नको. सातवा: उत्तराला न्यूटन लिही.

शिवाय एक वही आखली, डेपोच्या रजिस्टरसारखी. तारीख, गणित, तिचं उत्तर, पुस्तकातलं उत्तर, आणि शेवटचा रकाना, किती घरं चुकली. पहिल्या आठवड्यात तो रकाना म्हणजे नुसता गोंधळ होता. सहा, तीन, दोन, चौदा. मी एकेक चूक धरून बसले. सहा म्हणजे एका भाराचं मायक्रो राहिलं. तीन म्हणजे नॅनोला मायक्रो समजली. सकाळी चहाबरोबर आकडे पाठ, संध्याकाळी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत जायच्या आधी पाच गणितं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सहा गेले, तीन गेले, आणि रकान्यात एकच आकडा उरला. आठ.

आठ, आठ, आठ. भार कुठलेही असोत, आठ. सहा मायक्रोचे, नऊ नॅनोचे, आठ कुणाचे? अंतर मीटरमध्ये दिलं असेल तर तिचं उत्तर तंतोतंत. सेंटीमीटर दिसले की आठ. म्हणून मी तिला समोर बसवलं.

"सेंटीमीटरचे मीटर केले?"

"केले."

"वर्ग धरून केले?"

"हो न. चार घरं."

"चार घरं?"

"चार घरं, आई! किती वेळा विचारशीन?"

बरोबर होतं. चारच घरं. मी भिंतीवरच्या सहाव्या नियमापुढे टिक केली. मग चूक पुस्तकाची असणार. मी दुसरं पुस्तक मागवलं. त्याच्याही मागच्या पानावरची उत्तरं आठ घरांनी वेगळी निघाली. दोन पुस्तकं सारखीच चुकतात कशी, याचा मी तासभर विचार केला. या तासाचा मला आजही राग येतो.

सरांना आम्ही रोज फोटो पाठवत होतो. रात्रीपर्यंत उत्तर यायचं, एक लाल फुली आणि दोन शब्द: युनिट बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली. युनिट बघ. अहो, युनिट बघूनच तर डोळे गेले! तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, सर, युनिट सगळी बघितली आहेत, यादी जोडली आहे. सरांचं उत्तर आलं: ताई, परत बघा.

मुलीने वही मिटली. "सोड न आई. माह्या डोक्यातच नाई जात ते."

"डोक्यात सगळं जाते. पॉइंट तेवढा चुकते."

"एकच गोष्ट तीस वेळा चुकते त्याले काय म्हणते? ढच म्हणते न?"

ती हे रागाने म्हणाली असती तर मी उलट बोलले असते. ती सहज म्हणाली, मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि त्याच संध्याकाळी ती मावशीशी फोनवर शिलाई मशीनबद्दल बोलताना मला ऐकू आली, पिको फॉलचं वेगळं मशीन लागतं का वगैरे. परीक्षेला तीन आठवडे होते. मी रजेचा अर्ज लिहिला.

आलापल्लीहून ब्रह्मपुरी म्हणजे पहाटेची बस, गडचिरोलीला उतरून दुसरी. दुसरी बस लागलीच नाही. बोर्डावर वेळ होती, बस नव्हती. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर आतला माणूस म्हणाला, "येईन न बाई, जाईन कुठी?" शेवटी आरमोरीपर्यंत काळीपिवळी जीप आणि तिथून पुढे बस. मुलगी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत रजिस्टर, दोन्ही पुस्तकं आणि सरांना विचारायच्या प्रश्नांची यादी. अकरा प्रश्न.

सर अंगणात होते. धानाच्या बियाण्याच्या चुंगडीचं, म्हणजे पोत्याचं, तोंड सोडून बी सुपात घेऊन खडे निवडत होते. दुपारनंतर त्यांना शेतावर जायचं होतं, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. मी यादी काढली. त्यांनी हातानेच थांबवलं.

"ताई, तुमी त्या बाजेवर बसा. मले पोरीशी बोलू द्या."

"सर, मी फक्त रजिस्टर..."

"रजिस्टर मंग पाहू. पोरी, एक गणित कर. लिहू नको नुसतं, बोलून कर. डोक्यात जे होऊन राह्यलं ते समदं तोंडानं सांग."

गणित दिलं: एक भार दोन मायक्रोकूलोम, दुसरा तीन, अंतर तीस सेंटीमीटर. मी बाजेवर बसले. बोलायला बंदी असली की मला बाजेचे दोरे टोचतात.

मुलगी बोलू लागली. "दोन गुणिले तीन सहा. मायक्रो दोन वेळा, म्हणून दहाचा उणे बारावा घात. नऊवर नऊ शून्यंवाल्या आकड्यानं गुणलं, वर आले ०.०५४. खाली तीसचा वर्ग, नऊशे. भागलं त ०.००००६."

"बरोबर. पुढं?"

"आता सेंटीमीटरचा वर्ग आहे, त पॉइंट चार घरं डावीकडे. म्हणजे पॉइंटनंतर आठ शून्यं आन् मंग सहा."

सुपातलं सरांचं बोट थांबलं.

"थांब. कायची चार घरं?"

"सेंटीमीटरच्या वर्गाची."

"हे कागदावर काऊन नाई लिहिलं? फोटोत कुठंच नव्हतं."

"ते लिहाचं नसते सर. नुसतं सरकवाचं असते."

"हे कोणं शिकवलं तुले?"

मुलीने बाजेकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"लाकडात असंच करतात," मी म्हटलं. "एकोणीस वर्षं करते आहे. एकही नग परत आला नाही."

"लाकडात बरोबरच आहे ताई. मी कुठी नाई म्हणतो? बरं, मले सांगा, ओंडका जाड झाला त माल वाढते का कमी होते?"

"वाढतो."

"आन् हे दोन भार एकामेकापासून दूर नेले, त जोर?"

"कमी होतो." एवढं मी पुस्तकात वाचलं होतं.

"मंग तुमचा वर्ग लाकडात वर असते. गुणाकारात. इथी कुठी आहे?"

मुलीने वहीकडे पाहिलं आणि मीही, लांबून, चष्मा न लावता. नऊशे रेघेच्या खाली होते. तीस वेळा, दोन पुस्तकांत, एका रजिस्टरमध्ये, नऊशे रेघेच्या खालीच होते.

"खाली," मुलगी म्हणाली. "म्हणजे खालच्यात चार घरं डावीकडे, त समद्या उत्तरात चार घरं..."

"उजवीकडे," सर म्हणाले.

तिने बोटाने पॉइंट सरकवला. ०.००००६ पासून उजवीकडे चार घरं. ०.६ न्यूटन. पुस्तकातलं उत्तर. उजवीकडे जायचे चार, ती गेली डावीकडे चार, एकूण आठ. तो आठचा रकाना मी स्वतः पट्टीने आखला होता. रोज त्यात आठ लिहीत होते, आणि त्याचे दोन भाग करून बघावेत हे सुचलं नाही. एवढ्या रजिस्टरांमध्ये आयुष्य काढून.

"हे ०.६ म्हणजे किती, मालूम आहे?" सरांनी विचारलं. "एका अंड्याचं वजन असते न, अंदाजे तेवढा जोर. हातावर समजते. आन् तू सांगून राह्यली होती ते त मुंगीच्या पायालेबी नाई समजणार. उत्तर निघालं की एक वेळ हातावर ठेवून पाहाचं."

एवढंच मला कुणी आधी सांगितलं असतं तर! अंडं मला कळतं. ट्रकात मावणारा माल कळतो तसंच. दोन्ही पुस्तकांत अंड्याचा शब्द नाही.

मग सरांनी तिला त्यांची पद्धत दिली. पॉइंट शेवटी सरकवायचाच नाही. गणिताला हात लावायच्या आधी प्रत्येक आकड्याचं युनिट बदलून घ्यायचं, तीस सेंटीमीटरचे ०.३ मीटर लिहायचे आणि मगच नियमात ठेवायचे. प्रत्येक आकड्यामागे त्याचं युनिट, शेवटपर्यंत. मनात काही करायचं नाही. "परीक्षेत मनातल्याले मार्क नसते," ते म्हणाले. तिने तिथेच पाच गणितं केली. पाचही बरोबर. मग मी माझे अकरा प्रश्न काढले. सरांनी यादीवरून नजर फिरवली, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "ताई, याच्यातले दहा झाले. अकरावा, परीक्षेच्या दिवशी काय खाऊ घालू, ते तुमी पाहा."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी आधीच मनाची तयारी केली होती. काय म्हणेल, मी काय म्हणेन. आरमोरी आल्यावर ती म्हणाली, "तीन मार्क, आई."

"हो."

"तुह्या चार घरांनी."

"हो."

मग तिने खिडकीकडेच तोंड ठेवून म्हटलं, "म्हणजे मी ढ नाई." प्रश्न नव्हता तो. तिने पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली आणि अर्धे मला दिले. मोजून दिले की काय कोण जाणे, पण अर्धेच होते.

घरी आल्यावर तिने भिंतीवरची माझी यादी काढली आणि स्वतःची लावली. दोनच ओळी. पहिले युनिट बदल. उत्तर हातावर ठेवून पाहा. अक्षर तिरपं, क्रमांक नाहीत, समास नाही. आठवडाभर ती यादी रोज माझ्या नजरेसमोर होती आणि मी तिला हात लावला नाही. फक्त एकदा पट्टी घेऊन समास आखला. तिने लगेच ओळखलं.

"आई."

"फक्त समास."

"पट्टी ठेव."

परीक्षेचं केंद्र गडचिरोलीला होतं. मी फाटकाबाहेर तीन तास उभी. बरोबर पाणी, ओळखपत्राची झेरॉक्स, जादा पेन, आणि जादा पेनाचं जादा पेन. ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"आलं होतं का? दोन भारांचं?"

"आलं होतं."

"मग? अंतराचं काय केलं? आधी बदललं?"

"आई," ती म्हणाली, "अंतर मीटरमध्येच देलं होतं."

सहा आठवडे. दोन पुस्तकं. एक रजिस्टर. एक रजा आणि आरमोरीपर्यंतची ती काळीपिवळी. आणि गणित देणाऱ्याने या खेपेला मीटरमध्ये दिलं! मी तिथे फाटकासमोर काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या एका वडिलांनी मला पाण्याची बाटली देऊ केली, एवढं सांगते.

"पण दुसऱ्या एका गणितात मिलिमीटर होते," ती म्हणाली. "ते केले. हातावर ठेवूनबी पाह्यलं."

निकाल आला तेव्हा ती पासिंगच्या वर अकरा मार्क होती. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, शेतात धानाची रोवणी चालू आहे, नंतर बोलतो.

आता ती चंद्रपूरला असते. डेपोत मी तेच करते, गोलाईचा चौथा हिस्सा, वर्ग, लांबी, चार घरं डावीकडे. फक्त सरकवायच्या आधी क्षणभर थांबायची सवय लागली आहे. टेप धरणारे भाऊ विचारतात, "काऊन बाई, चुकलं का?" मी म्हणते, "नाही. वर आहे." त्यांना वाटतं मी ओंडक्याच्या थप्पीबद्दल बोलते, आणि ते वर बघतात.

परवा तिने वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवला. एक्स-रेची नळी जितकी दूर, तितके किरण विरळ, असं काहीतरी होतं. अंतरं सेंटीमीटरमध्ये. मी चष्मा लावून बघितलं, मग कागद घेतला, आणि पहिली ओळ लिहिली तोच तिचा मेसेज आला.

"इथीबी अंतराचा वर्ग खालीच आहे. मले समजलं. तू काही पाठवू नको."

मी कागद घडी करून ठेवला. एकच ओळ लिहून झाली होती.